उतारशाळेचें देणें

मनुष्याचे पाय धड असतात तोंपर्यंत त्यांची आठवण कोणासच होत नाहीं. शेतावर जाणें, बाजारास जाणें, शाळेंत येणें, देवळांत, मशिदींत, विहारांत अथवा मंडळींत जाणें, हें सारें काम पाय मुकाट्यानें करीत असतात. परंतु एखाद्या दिवशीं मोटारसायकल घसरते, मळणीयंत्रांत पाय सांपडतो, किंवा बांधावरून ट्रॅक्टर उलटतो. आणि त्या एका माणसाचेंच नव्हे, तर त्याच्या साऱ्या घराचें चालणें बंद पडतें. मग गांवांत वर्गणीची यादी फिरूं लागते, मोबाईलवर आवाहन येतें, शाळेंत डबा फिरतो. आपल्यापैकीं प्रत्येकानें अशा यादींत केव्हां ना केव्हां दहा-वीस रुपये घातले असतील. या देण्याविषयीं चार शब्द लिहावे असा या लेखाचा हेतु आहे. आपण देतों हें चांगलेंच करतों. पण आपण अर्ध्या वाटेवर थांबतों, आणि पायाच्या दुखण्यांत अर्ध्या वाटेवर थांबणें म्हणजे आरंभीं दिलेलेंही पुष्कळदां व्यर्थ घालविणें होय, असें माझें मत आहे.

पायाचें हाड मोडणें हें तापासारखें दुखणें नव्हे. ताप आठवड्यांत उतरतो. हाड मात्र आपल्याच गतीनें जुळतें. नडगीच्या पुढल्या अंगास मांस जवळजवळ नसतेंच, हाडावर केवळ कातडी असते. त्यामुळें तेथें जोराचा मार बसला म्हणजे हाड कातडी फोडून बाहेर येण्याचा संभव फार. अशा उघड्या जखमेंत रस्त्याची धूळ व शेतांतील माती शिरते आणि तिजबरोबर रोगजंतूही शिरतात. म्हणून जखम स्वच्छ धुणें व जंतुनाशक औषधें सुरू करणें हें पहिलें काम होय, आणि तें पहिल्या कांहीं तासांतच व्हावें लागतें. पुढें पुष्कळदां हाडास बाहेरून धातूची चौकट लावतात. जखम निवळल्यावर हाडांत सळई घालतात. कातडी नष्ट झाली असल्यास मांडीची कातडी काढून तेथें बसवितात. अशा रीतीनें एका पायास दोन, तीन, कधीं त्याहूनही अधिक शस्त्रक्रिया लागतात. नडगीचें हाड जुळण्यास चार-सहा महिने सहज जातात. जखम उघडी असली तर वर्षही लागतें. विडी-तंबाखूचें व्यसन किंवा मधुमेह असला तर त्याहूनही विलंब होतो. हाड जुळलें म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. आंखडलेला गुडघा व घोटा सैल करण्याचा व्यायाम पुढें कित्येक आठवडे करावा लागतो. तो न केल्यास हाड सरळ असूनही माणूस लंगडतच राहतो.

वेळेवर मिळालेली साधी मदत किती काम करते, याची एक साक्ष वैद्यकाच्या इतिहासांत आहे. ह्यू ओवेन थॉमस या लिव्हरपूलच्या अस्थिवैद्यानें मोडलेला पाय ताणून स्थिर ठेवण्यासाठीं लोखंडी सळईची एक साधी चौकट तयार केली होती. तो १८९१ सालीं वारला. त्याच्या हयातींत त्या चौकटीची फारशी कदर झाली नाहीं. पुढें १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानें तिचा प्रसार केला, आणि मांडीचें हाड मोडलेल्या सैनिकांतील मृत्यूचें प्रमाण फार मोठ्या अंशानें उतरलें. मांडीचें हाड मोडलें म्हणजे आंतल्या आंत लिटरभर किंवा अधिक रक्त वाहून जातें, आणि बाहेरून तें दिसतही नाहीं. जखमी पाय न हलवितां, आधार देऊन, लवकर वैद्यापाशीं पोंचविणें यास श्रीमंती लागत नाहीं. शिकलेले हात लागतात. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे. तो आंकडा आपल्या शाळेंतील पांचवीच्या मुलासही पाठ असावा.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून निघून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासांत मागें राहिलेले म्हणून जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रांतील चार होते आणि वाशीम त्यांपैकीं एक. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन झालें, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. तरीही गुंतागुंतीच्या जखमेसाठीं येथील पुष्कळ रुग्णांस अकोला, नांदेड अथवा नागपूर गांठावें लागतें.

मानोरा किंवा रिसोड तालुक्यांतील एखाद्या शेतमजुराचें घर डोळ्यांपुढें आणा. सोयाबीनच्या हंगामांत त्याचा पाय मोडला. गांव हळहळलें, चार दिवसांत वर्गणी जमली, अकोल्यास शस्त्रक्रिया झाली, लोकांनीं समाधानाचा निःश्वास टाकला. परंतु दिवाळीनंतर काय? दर पंधरवड्यास मलमपट्टीसाठीं जावयाचें, तर मोडक्या पायानें एस. टी. च्या गर्दींत चढवत नाहीं. म्हणजे गाडी करावी लागते. बरोबर जाणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. औषधें संपतात. तुरीचा हंगाम येतो आणि जातो. कर्त्या पुरुषाची मिळकत शून्य. आतां पुन्हा यादी फिरवावी तर लोक म्हणतात, "मागें दिलें होतें कीं!" मग पट्टीची एक खेप चुकते, दुसरी चुकते, जखम चिघळते, आणि नववींत शिकणारी मुलगी वही मिटून आईबरोबर निंदणीस जाऊं लागते. शस्त्रक्रियेचे पैसे गांवानें दिले; चालण्याचे पैसे कोणीच दिले नाहींत. येथें कोणी दुष्ट नाहीं, कोणी कंजूषही नाहीं. केवळ दुखणें लांबलचक आणि दया आंखूड, एवढाच या घराचा दोष.

आपल्या शाळेंत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सर्व धर्मांच्या मुलांनीं ऐकलेली आहे. लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूस पाहून याजक व लेवी बाजूनें निघून गेले, आणि परक्या जातीच्या शोमरोन्यानें त्याच्या जखमा बांधल्या, एवढी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत असते. पुढला भाग मात्र आपण घाईनें वाचतों. दुसऱ्या दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या रक्षकाच्या हातीं दोन नाणीं दिलीं, आणि याहून अधिक खर्च झाल्यास परत येतांना तोही भरण्याचें कबूल केलें. त्या काळीं तें एक नाणें म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां त्यानें हातावर ठेवलें तें दोन दिवसांच्या मजुरीएवढेंच. तें कांहीं राजाचें दान नव्हे. त्याची खरी देणगी पुढल्या वचनांत होती. शिवाय त्यानें पैसे रस्त्यावर टाकले नाहींत. ज्यास पुढें हिशेब विचारतां येईल अशा माणसाच्या हातीं दिले. आणि जखमी मनुष्य कोणत्या जातीचा, हें विचारण्यांत एक क्षणही दवडला नाहीं. वर्गणी कशी करावी याचा सारा धडा या तीन गोष्टींत आला: थोडें पण पुढेंही देणें, चोख हातीं देणें, आणि भेद न करतां देणें.

आपल्या प्रांतास हा धडा अपरिचित नाहीं. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ सालीं या देशांत आल्या, आणि १९३८ सालीं वाशीम येथें रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभें राहिलें. ज्यांनीं वाशीम कधीं पाहिलें नव्हतें अशा समुद्रापलीकडील साध्या माणसांच्या देणग्यांचा त्यांत वाटा होता. इमारत बांधून ते मोकळे झाले असते, तर चार भिंती राहिल्या असत्या. इस्पितळ चाललें तें वर्षानुवर्षें दिलेल्या लहान लहान रकमांवर आणि आयुष्य वेंचणाऱ्या माणसांवर. तसेच आपल्या वऱ्हाडांतील गाडगेबाबा. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या या सत्पुरुषानें लोकांकडून मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणीं धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतः मात्र फुटक्या गाडग्यांत भाकरी खाल्ली. मुंबईस दादर येथें त्यांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेंत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. औषधाइतकाच निवाराही रुग्णास लागतो, हें ज्यास समजलें त्यासच उतारशाळेचें मोल कळलें.

आतां कोणी म्हणतील कीं, सरकार इतक्या योजना चालवीत असतां वर्गणी कशाला? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें अर्धें उत्तर असें कीं, यादी हातीं घेण्यापूर्वीं रुग्णाच्या हक्काचें काय आहे तें आधीं मिळवावें. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ सालच्या निर्णयानें कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपये झाली, आणि ती राज्यांतील सर्व कुटुंबांस खुली करण्यांत आली. योजनेंत नोंदलेल्या रुग्णालयांत तिचा लाभ मिळतो. रस्त्यावर मोटार-वाहनाचा अपघात झाल्यास, मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेखालीं अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न भरतां उपचार मिळण्याची तरतूद आहे. धडक देऊन वाहन पळून गेलें व त्याचा पत्ता लागला नाहीं, तर गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये भरपाई आहे. शेतकरी कुटुंबांतील मनुष्यानें अपघातांत एक पाय कायमचा गमावल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाच्या योजनेंत एक लाख रुपये मिळतात. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठींही अपघाताच्या अनुदानाची योजना असून तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनीं शेंकडा दहा खाटा निर्धनांस फुकट व शेंकडा दहा दुर्बल घटकांस सवलतीनें द्याव्या, अशी व्यवस्था मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेली आहे.

हें सारें वाचून एखाद्या पालकास वाटेल, मग चिंता ती कसली? चिंता ही कीं, योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. गाडीभाडें, बुडालेली मजुरी आणि सहाव्या महिन्यांतील मलमपट्टी बहुधा घरावरच पडते. दुसरें असें कीं, हक्क कागदावर चालतो. शिधापत्रिका, आधारपत्र, पोलिसांतील नोंद, रुग्णालयाचीं कागदपत्रें, हीं सारीं वेळेवर जमवावीं लागतात; आणि ज्याचा पाय मोडला आहे तोच तीं जमविण्यासाठीं धांवूं शकत नाहीं. म्हणून मला असें वाटतें कीं, गांवांतील शिकलेल्या माणसाची पहिली वर्गणी पैशाची नसून दोन दिवसांच्या धांवपळीची असावी. ज्या कामास शासनाचा पैसा मिळूं शकतो त्या कामांत गरिबांचा पैसा घालणें, ही दया खरी, पण शहाणपणाची नव्हे. गरिबांचा पैसा जेथें दुसरें कोणी देत नाहीं तेथें पोंचावा.

याजक व लेवी बाजूनें कां गेले, याचें कारण गोष्टींत दिलेलें नाहीं. आपल्याकडे पुष्कळ लोक पोलिसांच्या व साक्षीच्या भयानें बाजूनें जातात. या भयास आतां आधार उरलेला नाहीं. कोणत्याही डॉक्टरानें जखमीचा जीव वांचविण्याचा यत्न आधीं करावा, कायद्याचे सोपस्कार मागाहून, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या प्रकरणांत सांगितलें. आणि सद्भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार-वाहन कायद्यांतच संरक्षण मिळालें. आपलें नांव-गांव सांगावयाचें कीं नाहीं, हेंही त्याच्याच इच्छेवर आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. खोटीं आवाहनें येतात. दुसऱ्याच्या जखमेचें छायाचित्र दाखवून पैसे उकळणारे आहेत. मग विश्वास कोणावर ठेवावा? यास माझें उत्तर एवढेंच कीं, फसवणुकीच्या भयानें हात आंखडणें हा उपाय नव्हे. देण्याची रीत सुधारणें हा उपाय होय. आपल्या शाळेपुरता मी एक बेत सुचवितों. अपघात झाल्यावर डबा फिरविण्याऐवजीं वर्षभर एक लहान निधि असावा. त्यांत कोणावर सक्ति नसावी, आणि कोणीं किती दिलें याची यादी भिंतीवर लावूं नये. कारण ज्याच्या घरीं देण्यास कांहीं नाहीं त्या मुलाची मान तेथें खालीं जाते. यरुशलेमेच्या मंदिरांतील भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची किंमत येशूनें ओळखली. आपली भिंत ती ओळखील याचा भरंवसा नाहीं. परंतु किती जमलें व कोठें खर्च झालें याचा हिशेब मात्र प्रत्येक सत्रास फळ्यावर लागावा. पैसे काढण्यास एक शिक्षक व एक पालक अशा दोघांच्या सह्या असाव्या. रक्कम शक्य तेथें रुग्णालयास किंवा औषधाच्या दुकानास परस्पर द्यावी. आणि मुख्य नियम हा कीं, एका रुग्णासाठीं ठरविलेल्या रकमेपैकीं अर्धीच आरंभीं द्यावी. उरलेली अर्धी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यासाठीं राखून ठेवावी. हीच आपली उतारशाळेची कबुली.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावयाची आहे. मदत मागतांना जखमेचें चित्र लोकांपुढें मांडूं नये. पाय मोडला म्हणून मनुष्याची अब्रू मोडत नाहीं. आज ज्या मुलीच्या वडिलांचें रक्ताळलेलें चित्र शंभर मोबाईलांवर फिरतें, तिला उद्यां त्याच शंभर घरांतील मुलांबरोबर वर्गांत बसावयाचें असतें. वैद्याचा दाखला, खर्चाचा अंदाज आणि एका जबाबदार माणसाची सही एवढ्यावर जो समाज पैसे देत नाहीं, व रक्त पाहिल्यावरच देतो, त्यानें आपल्या दयेची एकदां परीक्षा करावी.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल कीं आमच्यापाशीं पैसे कोठें आहेत? तुमच्यापाशीं पैशाहून महाग वस्तु आहेत. वर्गांतील मुलाचा पाय मोडला तर त्याच्या घरीं रोजचा अभ्यास पोंचविणें, तो कुबड्यांवर शाळेंत येऊं लागला म्हणजे त्याचें दप्तर उचलणें, त्याच्या चालीची नक्कल करणाऱ्यास थांबविणें, हीं कामें कोणतीही योजना करीत नाहीं. आणि जिचे वडील अंथरुणावर आहेत त्या मुलीची गैरहजेरी तिसऱ्या दिवशींच गुरुजींच्या कानांवर घालणें, हें तर तिचें सारें शिक्षण वांचविण्यासारखें आहे.

पायाचा मार्ग लांब असला तरी बंद नसतो. मुंबईच्या सुधा चंद्रन यांना १९८१ सालच्या अपघातानंतर पाय गमवावा लागला. १९६८ सालीं डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं सिद्ध केलेला जयपूरचा कृत्रिम पाय लावून, १९८४ सालीं त्या पुन्हा नृत्यासाठीं रंगमंचावर उभ्या राहिल्या. जयपूर येथें १९७५ सालीं स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिति असे पाय गरजूंस विनामूल्य देते. लोकांस तो रंगमंचावरचा दिवस आठवतो. त्यापूर्वींचीं तीन वर्षें मात्र वेदनेचीं, सरावाचीं आणि जवळच्यांच्या धीराचीं होतीं. आपलें देणें त्या तीन वर्षांसाठीं हवें आहे.

तेव्हां पालकहो, पुढल्या खेपेस कोणी यादी घेऊन दारीं आला तर त्यास दोन प्रश्न जरूर विचारा: याच्या हक्काचें आधीं मिळविलें काय, आणि तीन महिन्यांनीं याचें कोण पाहणार? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नसेल, तर देऊं केलेल्या शंभरांतील पन्नास आज द्या आणि पन्नास माघ महिन्यासाठीं बाजूस ठेवा. आणि तो महिना आला म्हणजे त्या घरीं स्वतः जाऊन चौकशी करा. एवढी सवय आपल्या शाळेनें आपल्या जिल्ह्यास लावली, तर तिच्या शिक्षणाचें चीज झालें असें मी समजेन. प्रभु आपणां सर्वांस देण्याची इच्छा देवोच. पण त्याबरोबर पुन्हा परत येण्याची आठवणही देवो.